फोन झोपलाय, मग बॅटरी कोण खातंय?

रात्री साडेअकराला फोन उशाशी ठेवला तेव्हा 82 टक्के. सकाळी साडेसातला उचलला तर 70. मध्ये कुणी हात लावला नाही, गाणी चालू नव्हती, हॉटस्पॉट बंद होता. मग 12 टक्के गेले कुठे?

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हटल्यावर नातेवाईकांच्या दृष्टीने मी मोबाईल रिपेअरवालाही असतो, त्याला इलाज नाही. यावेळी विचारणारा माझा मावसभाऊ होता. घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ राहतो, नुकतीच नोकरी लागलीय, रोज ठाणे स्टेशन गाठून पुढे लोकल. पास मोबाईलवर, पैसे यूपीआयने, रात्री उशीर झाला तर कॅब, त्याचा ओटीपीही मोबाईलवरच. आणि फोन संध्याकाळी माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्येच मान टाकतो. एका दुकानात त्याला "बॅटरी गेलीय, बदलून घ्या" असं सांगून अडीच हजारांचा आकडा दिला होता. फोन जेमतेम सव्वा वर्षाचा. पहिल्या पगारातले अडीच हजार म्हणजे गंमत नाही.

म्हटलं थांब, आधी हिशोब करू.

टक्के सोडा, मिलीॲम्पिअर बघा

टक्केवारीत काहीच कळत नाही. त्याची बॅटरी 5000 एमएएचची आहे. म्हणजे 1 टक्का म्हणजे 50 एमएएच. 12 टक्के म्हणजे 600 एमएएच. ते 8 तासांत गेले, म्हणजे फोन "झोपेत" तासाला सरासरी 75 मिलीॲम्पिअर ओढत होता.

हे जास्त की कमी? तुलनेसाठी घरातल्या मोठ्यांना आठवत असेल तो नोकिया 1100 घ्या. 2003 साली आलेला, टॉर्चवाला. त्याची बॅटरी फक्त 850 एमएएच आणि कंपनीचा दावा स्टँडबायवर 400 तासांपर्यंतचा. भागाकार केलात तर साधारण 2 मिलीॲम्पिअर येतात. म्हणजे मावसभावाचा फोन काहीही न करता नोकियाच्या पस्तीसेक पट करंट खात होता.

अर्थात स्मार्टफोनकडून 2 ची अपेक्षा ठेवणं चूक आहे. पण सगळं ठीक असेल तर 8 तासांत 2-3 टक्के जाणं रास्त आहे, म्हणजे 12 ते 19 मिलीॲम्पिअर. 4-5 गेले तरी मी डोकं लावत नाही. त्यापुढे गेलं की काहीतरी फोनला जागं ठेवतंय असं समजायचं.

स्क्रीन बंद म्हणजे फोन बंद नाही

लोकलमध्ये बसल्या बसल्या झोपणारे लोक बघितलेत ना? डोळे मिटलेले, मान कलंडलेली, पण "पुढील स्टेशन" ऐकू आलं की एक डोळा उघडतो. आपलं नाही म्हटल्यावर परत मिटतो. तुमचा फोन अगदी तसाच झोपतो.

फोनमधला मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारी चिप, ठरावीक वेळाने जागी होऊन ऐकते, माझ्यासाठी काही कॉल, काही मेसेज आहे का? फोरजीमध्ये हे अंतर बऱ्याचदा 1.28 सेकंदांचं असतं. म्हणजे 8 तासांच्या रात्रीत तुमचा फोन साधारण 22,500 वेळा एक डोळा उघडतो. ऐकून भीती वाटेल, पण प्रत्येक वेळी तो काही मिलीसेकंदच जागा असतो, त्यामुळे एकूण खर्च किरकोळ असतो.

किरकोळ, पण सिग्नल चांगला असेल तर. घोडबंदर रोडची गोष्ट इथेच सुरू होते.

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी

हा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापूरबावडीहून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली करत गायमुखकडे जाताना एका बाजूला येऊरचा डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, आणि दुसऱ्या बाजूला उल्हास नदीची खाडी. मधल्या पट्ट्यात पंचवीस-तीस मजल्यांचे टॉवर दाटीवाटीने उभे आहेत.

शहरात मोबाईलचे अँटेना बऱ्याचदा इमारतींच्या गच्चीवर असतात. जंगलात इमारतीच नाहीत, मग तिकडून सिग्नल येणार कुठून? ज्याच्या बेडरूमची खिडकी डोंगराकडे आहे त्याला सिग्नल मिळतो तो रस्त्याच्या बाजूने, आरसीसीच्या भिंती भेदून, आपल्याच घरातल्या दोन खोल्या ओलांडून. काँक्रीटमधल्या सळ्या रेडिओ लहरींना चांगल्याच अडवतात. काही नव्या इमारतींच्या काचांना उष्णता रोखणारा धातूचा पातळ थर असतो, तोही अडवतो.

उंच मजल्यावर अजून एक भानगड असते, आणि ती फार लोकांना माहीत नाही. "मी सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो, मला तर फुल्ल सिग्नल पाहिजे" असं वाटतं. पण अँटेनांचं तोंड किंचित खाली झुकवलेलं असतं, कारण गिऱ्हाईक रस्त्यावर आणि खालच्या मजल्यांवर जास्त. वरच्या मजल्यावर एकही टॉवर जवळचा आणि जोरकस मिळत नाही, उलट लांबलांबचे पाच-सहा टॉवर साधारण सारख्याच ताकदीने दिसतात. फोन बिचारा याच्यावर बसू की त्याच्यावर बसू करत राहतो. सिग्नल जोरदार असेल तर आजूबाजूचे टॉवर मोजायची फोनला गरजच पडत नाही. कमजोर झाला की मोजमाप सुरू होतं, आणि प्रत्येक मोजमापाला करंट लागतो.

शिवाय बोलायची वेळ आली की ओरडावं लागतं. फोरजी फोन टॉवरकडे जास्तीत जास्त 200 मिलीवॅट इतक्या ताकदीने सिग्नल पाठवू शकतो. टॉवर जवळ असेल तर त्याच्या अगदी छोट्या अंशात काम भागतं. लांब असेल तर ॲम्प्लिफायर पूर्ण जोरावर चालतो, आणि बाहेर पडणाऱ्या 200 मिलीवॅटसाठी बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट शक्ती जाते, उरलेली उष्णता होते. फोन खिशात उगाच कोमट लागतो त्याचं एक कारण हे.

तुमच्या घरात काय परिस्थिती आहे ते दोन मिनिटांत बघता येतं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग "फोनबद्दल", मग "सिम स्टेटस". तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये उणे आकड्यात दिसते. उणे 85 च्या आसपास असेल तर मस्त. उणे 110 च्या पलीकडे गेलं की फोन धडपडतोय. हा आकडा लॉगॅरिदममध्ये असतो हे लक्षात घ्या. उणे 85 आणि उणे 115 मधला फरक दिसायला 30 चा आहे, पण प्रत्यक्षात पोचणारा सिग्नल हजारपट कमी झालेला असतो. वरच्या कांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मर्जीने दाखवते.

मावसभावाच्या बेडरूममध्ये उणे 114 आलं. गॅलरीत, रस्त्याच्या बाजूला, उणे 91. एकाच फ्लॅटमध्ये.

ग्रुप म्यूट केला म्हणजे मेसेज येत नाहीत असं नाही

आता दुसरा खर्च. मेसेज आला की मोडेम पूर्ण जागा होतो, डेटा घेतो आणि लगेच झोपत नाही. अजून काही येईल म्हणून तो साधारण दहाएक सेकंद ताटकळत थांबतो. किती थांबायचं हे फोन नाही, नेटवर्क ठरवतं. एका ओळीचा मेसेज यायला सेकंदाचा छोटासा भाग लागतो, पण बिल दहा सेकंदांचं येतं.

समजा सोसायटीचा ग्रुप तापलाय. पार्किंग, पाण्याचा टँकर, कुणाच्या तरी कुत्र्यावरून. दर मिनिटाला एक मेसेज. तासाला 60 मेसेज, प्रत्येकी 10 सेकंद, म्हणजे तासातली 10 मिनिटं मोडेम जागाच. हेच 60 मेसेज एकदम आले असते तर एका जागरणात काम झालं असतं. म्यूट केल्याने फक्त आवाज बंद होतो, मेसेज येतच राहतात. वर फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड व्हायची सेटिंग चालू असेल तर सकाळी सहापासून गुलाबाची फुलं उतरायला लागतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये "स्टोरेज आणि डेटा"मध्ये जाऊन मोबाईल डेटासाठी हे बंद करा, याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

डोझ नावाचा वॉचमन

गूगलला हे सगळं माहीत आहे. म्हणून 2015 साली अँड्रॉइड 6 मध्ये डोझ आलं. फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे आणि टेबलावर हलत नाहीये असं दिसलं की सिस्टिम ॲप्सचं इंटरनेट आणि जागरण रोखून धरते. मग थोड्या थोड्या वेळाने एक खिडकी उघडते, सगळ्यांना एकदम कामं उरकू देते, परत बंद. या खिडक्यांमधलं अंतर वाढत जातं. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड 7 मध्ये याचं हलकं रूप आलं, जे फोन खिशात हलत असतानाही चालतं. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून तुम्ही कुठलं ॲप किती वापरता त्यावरून त्यांची वर्गवारी होते आणि न वापरलेल्यांना कमी संधी मिळते.

मग तरीही बॅटरी का जाते? कारण परवानगी देणारे आपणच असतो. ॲप इन्स्टॉल करताना "बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर नीट चालणार नाही" अशी चौकट येते आणि आपण "ओके" म्हणतो. अलार्म किंवा व्हॉट्सॲपने असं मागणं समजू शकतो. पण कूपन देणाऱ्या शॉपिंग ॲपला रात्री तीन वाजता जागं राहायचं काय कारण? एखादं ॲप वेकलॉक धरून बसलं, म्हणजे "मी सांगेपर्यंत प्रोसेसरने झोपायचं नाही" असं सांगून विसरून गेलं, तर रात्रीत 10-15 टक्के सहज उडतात. मी स्वतः ॲप बनवणाऱ्यांच्या जातकुळीतला आहे, म्हणून सांगतो, हे फार वेळा दुष्टपणा नसतो, आळस असतो. डेव्हलपरच्या टेबलावर फोन कायम केबलला जोडलेला असतो, त्याला कळतच नाही.

सकाळी उठल्यावर, फोन वापरायच्या आधी, सेटिंग्जमध्ये बॅटरी वापराची यादी उघडा. "बॅकग्राउंड"चा वेळ बघा. जे ॲप तुम्ही रात्री उघडलंच नव्हतं आणि त्याच्या नावापुढे दोन तास दिसतायत, तो चोर. त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन "रिस्ट्रिक्टेड" करा.

तीन रात्रींची परीक्षा

मावसभावाला मी सांगितलं की दुकानात जायच्या आधी तीन रात्री दे. तिन्ही रात्री 80 टक्क्यांच्या आसपास चार्ज, त्याच वेळेला झोपायचं, त्याच वेळेला आकडा लिहायचा.

पहिली रात्र नेहमीसारखी, बेडरूममध्ये. 12 टक्के गेले. दुसरी रात्र एअरप्लेन मोडवर, त्याच जागी. 1 टक्का गेला. इथेच दुकानदाराचा मुद्दा निकालात निघाला. बॅटरीच खराब असती तर एअरप्लेन मोडमध्येही तिने टक्के गाळले असते. प्रोसेसर, स्क्रीन, ॲप्स सगळं तेच होतं, फक्त रेडिओ बंद केला आणि 12 चा 1 झाला. म्हणजे खाणारा रेडिओ होता, किंवा रेडिओवरून येणारं काहीतरी.

तिसऱ्या रात्री एअरप्लेन बंद, पण दुसरं सिम सेटिंगमधून ऑफ. 5 टक्के.

तर मुख्य आरोपी दुसरं सिम निघालं. कॉलेजच्या काळातलं, वेगळ्या कंपनीचं. त्या खोलीत त्या कंपनीचा सिग्नल जवळपास नाहीच, आणि नेटवर्क न सापडलेला मोडेम सगळ्यात महाग. एक बँड शोध, दुसरा शोध, थांब, परत पहिल्यापासून. लिफ्टमध्ये आणि बेसमेंट पार्किंगमध्येही हेच होतं, पण तिथे आपण दोन मिनिटं असतो. हा प्रकार रोज रात्री आठ तास चालला होता.

सिम फेकून का देत नाही? कारण बँक आणि आधार त्या नंबरला जोडलेत. हे बऱ्याच जणांचं असतं. तेव्हा सिम सेटिंगमधून ऑफ ठेवा, आठवड्यातून चांगल्या सिग्नलच्या ठिकाणी चालू करा. पण कायमचं विसरू नका. ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड नंबर 90 दिवस अजिबात वापरला नाही आणि खात्यात 20 रुपयेही नसतील तर तो बंद होऊ शकतो, आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळूही शकतो. तुमच्या बँकेचे ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जाणं हे बॅटरीपेक्षा कितीतरी मोठं दुखणं आहे. त्याला मी सरळ बँकेचा नंबर बदलून घ्यायला सांगितलं.

उरलेल्या 5 टक्क्यांसाठी त्याने फोन रात्री हॉलमध्ये, रस्त्याकडच्या खिडकीजवळ ठेवायला सुरुवात केली. आता 3 जातात. अडीच हजार वाचले.

घरात वायफाय असेल तर अजून एक युक्ती आहे. एअरप्लेन मोड चालू करून वायफाय आणि वायफाय कॉलिंग चालू ठेवायचं. बऱ्याच फोनमध्ये कॉल वायफायवरून येत राहतात आणि टॉवरची शोधाशोध बंद होते. मात्र लाईट गेली की राउटर बंद, आणि तुम्ही जगाला गायब. आईवडील गावी एकटे असतील, रात्री फोन येऊ शकत असेल, तर हे करू नका. बॅटरीचे 3 टक्के त्यापेक्षा मोठे नाहीत.

आणि फोन पूर्ण बंद केला तरी?

"मी स्विच ऑफ करून झोपलो होतो, तरी सकाळी 5 टक्के कमी!" हीही तक्रार येते. इथे खरा खर्च बघू.

लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तरी थोडी उतरते, पण ते महिन्याला साधारण 2-3 टक्के. उन्हाळ्यात, गरम जागी थोडं जास्त. एका रात्रीचं प्रमाण नगण्य. बंद फोनमध्ये घड्याळ चालू असतं, सेकंदाला 32,768 वेळा थरथरणाऱ्या छोट्या क्रिस्टलवर. पॉवर बटण दाबलं जातंय का हे बघणारी चिपही जागी असते. या सगळ्याला 100 मायक्रोॲम्पिअर लागतात असं भरपूर धरलं तरी 5000 एमएएच संपायला 50,000 तास, म्हणजे साडेपाच वर्षांपेक्षा जास्त लागतील. काही फोन बंद असतानाही आपली जागा कळवत राहतात. आयफोन 11 आणि पुढच्या बहुतेक मॉडेल्समध्ये आयओएस 15 पासून हे आहे, गूगलच्या पिक्सेल 8 पासूनही आहे. हे ब्लूटूथच्या अगदी बारीक हाकेवर चालतं. चोरीला गेलेला फोन सापडायची आशा त्यावर असते, तेव्हा बॅटरीसाठी ते बंद करू नका.

मग 5 टक्के? बहुतेक वेळा ते गेलेलेच नसतात. टक्केवारी हा अंदाज आहे. बॅटरीत पेट्रोलच्या टाकीसारखा तरंगता गोळा नाही. फोन चालू असताना आत-बाहेर जाणारा करंट मोजून हिशोब ठेवतो, आणि तो हिशोब हळूहळू थोडा चुकतो. रात्रभर बंद राहिल्यावर बॅटरी शांत होते, तिचं खरं व्होल्टेज मोजता येतं, आणि सुरू होताना फोन नवीन अंदाज मांडतो. काल 60 दाखवत होता ते मुळात 57 असेल. वर फोन सुरू होताना प्रोसेसर मिनिटभर जोरात पळतो, नेटवर्क शोधतो, सगळी ॲप्स साचलेले मेसेज ओढतात. त्यात टक्काभर जातो. म्हणून रात्री बॅटरी वाचवायला फोन बंद करण्यात फारसा अर्थ नाही, एअरप्लेन मोड जवळपास तेवढंच देतो.

मात्र बंद फोनने एका रात्रीत खरोखर 10-15 टक्के गमावले, तेही वारंवार, तर सेल जुना झालाय किंवा आत कुठेतरी गळती आहे. पावसात भिजलेल्या फोनमध्ये हे दिसतं. तिथे दुकानात जावंच लागेल. मावशीचा, म्हणजे या मावसभावाच्या आईचा, पाच वर्षं जुना फोन तसलाच निघाला. एअरप्लेन मोडमध्येही रात्रीत 9 टक्के, आणि 30 वरून थेट बंद. तिची बॅटरी मी स्वतःच बदलायला सांगितली. मागचं झाकण किंचित फुगलेलं असेल तर तीन रात्रींची परीक्षाही नको, चार्जिंग बंद करा आणि सरळ घेऊन जा.

जे केल्याने काही होत नाही

दर पाच मिनिटांनी रीसेंट ॲप्स पुसणारे लोक मला रोज दिसतात. रॅममध्ये गोठून पडलेलं ॲप बॅटरी खात नाही, रॅम भरलेली असो की रिकामी, तिला लागणारा करंट तोच. उलट पुसलेलं ॲप परत उघडताना पहिल्यापासून लोड होतं, त्यात जास्त जातो. "बॅटरी डॉक्टर" छापाची ॲप्स तर स्वतःच पाळतीवर बसलेली असतात, वर जाहिराती. ब्लूटूथ नुसतं चालू राहिल्याने रात्रीत फरक कळणारही नाही. फाईव्हजीचं मात्र तपासून बघा. तुमच्या घरात फाईव्हजी एक क्षण येतं आणि जातं असं असेल तर रात्रीपुरतं फोरजीवर टाका.

जुना फोन गावी न्यायला म्हणून कपाटात ठेवणार असाल, तर पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून ठेवू नका. ॲपलचा सल्ला अर्ध्या चार्जवर, बंद करून, 32 अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवण्याचा आणि दर सहा महिन्यांनी परत अर्धा भरण्याचा आहे, तो अँड्रॉइडलाही तसाच लागू होतो. शून्यावर ठेवलेला सेल महिन्यांनी इतका खाली जातो की आतलं संरक्षक सर्किट त्याला तोडूनच टाकतं. मग गणपतीला कपाट उघडल्यावर फोन चार्जरला लावूनही हूं की चूं करत नाही. तसं झालं तर साध्या, मंद चार्जरवर अर्धा तास राहू द्या, पुष्कळदा उठतो.